बारावीनंतर कॉलेज : मुलाच्या प्रवेशाची तयारी पालकांनी कधी आणि कशी करावी?

बीड : बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या सेतू केंद्रासमोर दरवर्षी तेच चित्र दिसते. सकाळी आठपासून रांग, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आधार कार्डाच्या झेरॉक्स आणि दर दोन मिनिटांनी एकच प्रश्न, "साहेब, सर्व्हर सुरू झालं का?" कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाला नॉन-क्रिमिलेअर, तर कुणाला जातीचा दाखलाच काढायचा असतो. प्रवेशाची तारीख चार दिवसांवर आलेली असते.

मार्क कमी पडले म्हणून प्रवेश हुकला, तर मुलगा ते समजून घेतो. पण मार्क असूनही कागद नाही म्हणून जागा गेली, तर ते घरातल्या सगळ्यांना वर्षानुवर्षे सलत राहते. "आम्ही कुठं शिकलोय, आम्हाला काय कळतंय त्यातलं" असे म्हणून अनेक पालक सगळे मुलावर किंवा नेट कॅफेवाल्यावर सोडून देतात. प्रत्यक्षात या कामातला बराचसा भाग न शिकलेला बाप किंवा आईसुद्धा करू शकते. त्यासाठी काय, कुठे आणि कधी, एवढेच माहीत असावे लागते.

आधी बोलणे, मग फॉर्म

कोणत्या शाखेला जायचे, यावर घरात नीट बोलणेच होत नाही. पाहुण्याचा मुलगा इंजिनिअर झाला म्हणून इंजिनिअरिंग, मित्राने फॉर्म भरला म्हणून फार्मसी, असे ठरते. फॉर्म भरण्याआधी एक संध्याकाळ टीव्ही आणि मोबाईल बाजूला ठेवून मुलासोबत बसावे. तीन गोष्टी विचाराव्यात. कोणता विषय अभ्यासायला जड जात नाही? हा कोर्स केल्यावर नेमके कोणते काम मिळते, हे त्याने कुणाला विचारले आहे का? आणि पहिल्याच प्रयत्नात नंबर लागला नाही, तर दुसरा रस्ता कोणता?

दुसरे रस्ते बरेच आहेत, पण गावात त्यांची चर्चा कमी होते. बारावी विज्ञान झालेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. आयटीआय, नर्सिंग, कृषी आणि फूड टेक्नॉलॉजी हे पर्याय आहेत. घरची शेती किंवा दुकान सांभाळून शिकायचे असेल, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची पदवीही आहे.

साधे बीए, बीकॉम, बीएस्सी करणाऱ्यांसाठीही चित्र बदलले आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार विद्यापीठांशी संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवी रचना लागू झाली. त्यात एक वर्ष पूर्ण करून थांबले तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी आणि चार वर्षांनी ऑनर्स पदवी मिळते. मिळवलेले क्रेडिट 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये जमा राहतात. त्यासाठी विद्यार्थ्याचा एबीसी आयडी काढावा लागतो. प्रवेश घेताना मुख्य विषय आणि दुय्यम विषय असे दोन्ही निवडावे लागतात. त्यामुळे "कुठलाही टाका विषय" असे म्हणून चालत नाही.

कागदपत्रे अकरावीतच हातात घ्यावीत

सगळ्यात जास्त वेळ खाणारा कागद म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजेच गावच्या भाषेत 'व्हॅलिडिटी'. जातीचा दाखला वेगळा आणि व्हॅलिडिटी वेगळी, हेच अनेकांना प्रवेशाच्या वेळी कळते. जातीचा दाखला उपविभागीय कार्यालयातून मिळतो. तो खरा असल्याची पडताळणी जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती करते. अनुसूचित जमातींसाठी वेगळी समिती असते. इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी, वैद्यकीय अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांना राखीव जागेतून प्रवेश हवा असेल, तर व्हॅलिडिटी लागतेच. ती वेळेत दिली नाही, तर विद्यार्थ्याला खुल्या प्रवर्गात टाकले जाते आणि मिळालेली जागा हातची जाऊ शकते.

या प्रकरणात जुने पुरावे लागतात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीची जातीची नोंद महत्त्वाची मानली जाते. म्हणजे वडिलांच्या नव्हे, तर बहुतेक वेळा आजोबा-पणजोबांच्या नोंदी शोधाव्या लागतात. आजोबा शाळेत गेले असतील, तर त्या शाळेच्या रजिस्टरचा प्रवेश-निर्गम उतारा काढता येतो. शाळेचे तोंड पाहिले नसेल, तर तहसीलच्या अभिलेख कक्षातली जन्म-मृत्यूची जुनी नोंद, म्हणजे कोतवाल बुकाची नक्कल, उपयोगी पडते. वडील, चुलते, सख्खा भाऊ किंवा बहीण यांपैकी कुणाची व्हॅलिडिटी निघालेली असेल, तर काम बरेच सोपे होते. भाऊबंदकीत बोलणे बंद असेल, तरी या एका कागदासाठी चुलत्याच्या दारात जायला कमीपणा मानू नये.

मुलगा अकरावीत गेला की कॉलेजच्या कार्यालयातून पत्र घेऊन व्हॅलिडिटीचा अर्ज करावा. बारावीच्या निकालापर्यंत वाट पाहू नये.

बाकीचे कागद तुलनेने लवकर निघतात, पण त्यांच्या मुदती सांभाळाव्या लागतात.

उत्पन्नाचा दाखला : तहसीलदारांचा. तलाठ्याचा (आता ग्राम महसूल अधिकारी) अहवाल जोडावा लागतो. शिष्यवृत्तीच्या प्रत्येक अर्जाला हा लागतो. दाखल्यावर मुदतीची तारीख छापलेली असते, ती वाचावी.

नॉन-क्रिमिलेअर : ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी आणि एसईबीसी या प्रवर्गांसाठी. प्रवेशाच्या वर्षात चालू असलेला हवा. मागच्या वर्षी संपलेला दाखला चालत नाही.

ईडब्ल्यूएस : ज्यांना इतर कोणतेही आरक्षण नाही, त्यांच्यासाठी. हा दरवर्षी नवा काढावा लागतो.

वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र : यालाच डोमिसाईल म्हणतात. एकदा काढले की पुन्हा काढावे लागत नाही.

शाळा सोडल्याचा दाखला : टीसी. मूळ प्रत एकच असते. ती हातातून देण्याआधी चार-पाच झेरॉक्स आणि मोबाईलवर स्पष्ट फोटो काढून ठेवावा.

यात सगळ्यात जास्त गोंधळ नावाचा होतो. मार्कमेमोवर 'दत्तात्रय', आधारवर 'दत्ता', बँक पासबुकावर आडनाव आधी. आईच्या नावात एका अक्षराचा फरक. माणसाला हे किरकोळ वाटते, पण ऑनलाइन फॉर्म ते स्वीकारत नाही. दहावीच्या मार्कमेमोवर जे नाव आहे, तेच बाकी सगळीकडे करून घ्यावे. हे काम दहावीनंतरच्या सुट्टीतच उरकावे.

दाखले मिळण्यासाठी किती दिवस, हे ठरलेले आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार प्रत्येक सेवेची मुदत कार्यालयात फलकावर लावणे बंधनकारक आहे. मुदतीत दाखला मिळाला नाही, तर अपील करता येते. म्हणून अर्जाची पावती टाकून देऊ नये. तीच पुरावा असते.

कारखान्यावर जाणाऱ्या घरांनी काय करावे

जिल्ह्यातल्या अनेक घरांत दसरा-दिवाळीनंतर आई-वडील ऊसतोडीला जातात आणि पट्टा पडल्यावरच परततात. हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. सीईटीचे फॉर्म भरण्याचा काळ नेमका याच महिन्यांत येतो. मुलगा आजीजवळ किंवा वसतिगृहात असतो. बापाची सही हवी असते, ओटीपी बापाच्या मोबाईलवर येतो आणि बाप फडात असतो.

अशा घरांनी कोयता उचलण्याआधी चार कामे करून जावीत. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला काढून घरात एका फाईलमध्ये ठेवावा. मुलाच्या आधारला त्याच्याजवळ राहणारा मोबाईल नंबर जोडावा. व्हॅलिडिटीचा अर्ज भरून पावती घ्यावी. आणि गावातल्या एका जाणत्या माणसाला, शिक्षकाला किंवा नातेवाइकाला, "पोराचं काही लागलं तर बघा" असे स्पष्ट सांगून जावे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. तालुक्यात किंवा शेजारच्या तालुक्यात असे वसतिगृह आहे का, याची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करता येते.

फॉर्म भरताना पालकाने शेजारी बसावे

व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्य सीईटी कक्षामार्फत केंद्रीय पद्धतीने, म्हणजे 'कॅप'मधून होतात. आधी नोंदणी, मग कागदपत्रांची तपासणी, गुणवत्ता यादी, त्यानंतर कॉलेजांचा पसंतीक्रम आणि शेवटी फेऱ्या असा हा क्रम आहे.

पसंतीक्रम हा या सगळ्यातला कळीचा भाग आहे. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचे कॉलेज मिळाले, तर ते घ्यावेच लागते. पुढच्या फेऱ्यांत बदल करता येत नाही. म्हणून जिथे खरोखर जायचे आहे, तेच कॉलेज वर टाकावे. "बघू तर लागतंय का" म्हणून दूरच्या शहरातले महागडे कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकले आणि ते लागले, तर पंचाईत होते. यादी करताना मागच्या वर्षीचा कटऑफ, फी आणि गावापासूनचे अंतर एका कागदावर लिहून बाप-लेकाने समोरासमोर बसून क्रम लावावा.

फॉर्म कॅफेवर भरला, तरी मोबाईल नंबर आणि ईमेल मुलाचाच द्यावा. कॅफेवाल्याचा नंबर टाकला, तर फेरीचा मेसेज त्याच्याकडे जातो आणि गर्दीच्या दिवसांत तो कळवेलच, याची खात्री नसते. लॉगिन आयडी आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवावा. तो दुसऱ्या कुणाला सांगू नये.

याच दिवसांत एजंटांचे फोन सुरू होतात. "सीट पक्की करून देतो, थोडं डोनेशन लागेल" अशी भाषा असते. महाराष्ट्रात प्रवेशासाठी देणगी घेण्यास १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने बंदी आहे. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ती संकेतस्थळावर पाहता येते. तिथल्या आकड्यापेक्षा एक रुपयाही जास्त मागितला, तर लेखी पावती मागावी. पावती मागितली की बरेच 'मध्यस्थ' गप्प होतात.

मूळ कागदपत्रे कॉलेजने तपासून परत द्यावीत, ती अडवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाचे निर्देश आहेत. प्रवेश रद्द केल्यास ठरलेल्या मुदतीनुसार फी परत मिळते. त्यासाठी अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.

पैशाचा हिशेब : फी हा फक्त एक भाग

पालक फी विचारतात आणि तेवढीच रक्कम जुळवतात. खरा खर्च नंतर सुरू होतो. खोलीचे डिपॉझिट, मेस, पुस्तके, गणवेश किंवा एप्रन, परीक्षा फी आणि सणावाराला गावी येण्या-जाण्याचे भाडे. प्रवेशाआधी या सगळ्याची वर्षाची बेरीज कागदावर मांडावी आणि ती मुलालाही दाखवावी. घरची परिस्थिती मुलापासून लपवू नये. मात्र "तुझ्यासाठी जमीन गहाण टाकली" हे दर आठवड्याला ऐकवूही नये.

शिष्यवृत्तीचे बहुतेक अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरावे लागतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असल्यास मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. त्यापुढे फ्रीशिप असते. अनुसूचित जमाती, व्हीजेएनटी, ओबीसी आणि एसबीसी यांच्यासाठी त्या-त्या विभागाच्या योजना आहेत. खुल्या प्रवर्गातील आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे.

मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठा बदल झाला आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत आहे. याआधी ती पन्नास टक्के होती. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून घेतलेला असावा लागतो. मॅनेजमेंट कोट्याला आणि खासगी अभिमत विद्यापीठांना ही सवलत नाही. "मुलगी म्हटली की सगळंच फुकट" असे समजून कोट्यातून प्रवेश घेतला, तर पूर्ण फी भरावी लागते.

राहण्या-जेवणासाठी वेगळ्या योजना आहेत. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना, ओबीसी व भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, तर अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या आहेत. एकाच वेळी दोन ठिकाणांहून निर्वाह भत्ता घेता येत नाही.

इथे एक अडचण हमखास येते. शिष्यवृत्ती मंजूर होते, पण खात्यात पैसे दिसत नाहीत. शासनाची रक्कम आधारशी डीबीटीसाठी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. पासबुक एका बँकेचे आणि आधार जोडलेले दुसऱ्याच खात्याला, असे असेल तर पैसे तिकडे जातात. ते खाते बंद पडलेले असेल, तर रक्कम परत फिरते. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग'मध्ये कोणते खाते जोडलेले आहे, ते दोन मिनिटांत कळते. अर्ज भरण्याआधी ते पाहून घ्यावे. अर्ज दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो आणि हजेरी कमी असेल, तर तो अडकतो, हेही मुलाला सांगून ठेवावे.

तरीही पैसे कमी पडत असतील, तर सावकाराआधी बँकेचा विचार करावा. शैक्षणिक कर्जाला चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना विनातारण, विनाजामीन कर्ज मिळते. कर्जाचे हप्ते साधारणपणे शिक्षण संपल्यावर काही काळाने सुरू होतात.

मुलीचं कॉलेज लांब आहे म्हणून...

बारावीपर्यंत ग्रामीण भागातील मुलींना एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत मिळतो. बारावी संपली की तो थांबतो. विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या पासात मात्र भाड्याचा साधारण एक तृतीयांश भागच भरावा लागतो. प्रवेश पावती आणि ओळखपत्र घेऊन आगारात तो काढता येतो.

पासपेक्षा मोठा अडसर घरातला असतो. "रोज येण्या-जाण्याची भीती वाटते", "चांगलं स्थळ आलंय" असे म्हणून बारावीनंतर मुलीचे शिक्षण थांबवले जाते. भीती खोटी नसते, पण तिच्यावर उपाय करता येतो. गावातल्या किंवा शेजारच्या वस्तीवरच्या दोन-तीन मुलींचा एकाच कॉलेजला, एकाच वेळेच्या वर्गांना प्रवेश घेतला, तर सोबत होते. संध्याकाळची शेवटची गाडी कितीची आहे, ते पाहून तासिकांची वेळ विचारावी. मुलींचे शासकीय वसतिगृह असेल, तर आईने स्वतः जाऊन पाहावे आणि वॉर्डनशी बोलावे. प्रत्येक कॉलेजमध्ये महिलांच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावे सूचना फलकावर पाहून घ्यावीत.

पहिले तीन महिने

मुलगा शहरात गेल्यावर पहिले काही आठवडे कठीण जातात. वर्गात इंग्रजीत शिकवतात, प्रश्न विचारायला लाज वाटते, मेसची भाजी उतरत नाही. दहावीला शाळेत पहिला आलेला मुलगा इथे पहिल्या चाचणीत नापास होतो आणि घरी सांगत नाही. एखाद्या विषयात एटीकेटी लागली, म्हणून शिक्षण संपत नाही. पण ती लपवायला लागली की गोष्टी बिघडतात. "नापास झालास तर तोंड दाखवू नको" हे वाक्य गंमतीतही बोलू नये.

फोनवर रोज "अभ्यास केला का" एवढेच विचारले, की उत्तरही "हो" एवढेच येते. जेवण काय होते, खोलीत कोण आहे, कोणते सर चांगले शिकवतात, असे विचारले तर मुले बोलतात. घरचे सांगावे, गाय व्याली, पाऊस झाला, बांधावर आंबा लागला. त्याने मुलगा गावाशी जोडलेला राहतो.

फोन उचलणे बंद झाले, सारखे पैसे मागायला लागला, झोप नाही, जेवण नाही, गावी आला की गप्प बसतो, अशी लक्षणे दिसली, तर रागावण्याआधी जाऊन भेटावे. मानसिक त्रासासाठी शासनाची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. मराठीतही बोलता येते. रॅगिंगचा प्रकार असेल, तर १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार करता येते. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्यानुसार रॅगिंग हा गुन्हा आहे आणि त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

जाण्याआधी शिकवायच्या चार गोष्टी

कपडे धुणे, खिचडी-पोळी करणे, बँकेत स्लिप भरणे आणि 'नाही' म्हणणे. या चारही गोष्टी मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही आल्या पाहिजेत. 'नाही' यासाठी, की शहरात पहिल्याच महिन्यात कुणीतरी खाते वापरायला मागतो, कुणी गेमिंगच्या ॲपवर पैसे लावायला सांगतो. दुसऱ्याला खाते वापरायला देणारा विद्यार्थी पोलिसांच्या चौकशीत अडकू शकतो. ऑनलाइन फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर फोन करावा.

खर्चाला हातभार म्हणून काम करण्यातही कमीपणा नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने 'कमवा व शिका' योजना चालते. इतर कॉलेजांतही अशी कामे असतात. प्रवेशाच्या वेळीच कार्यालयात विचारावे.

आणि प्रवेश झाल्यावर पालकाने एकदा तरी कॉलेजात जावे. धोतर-पटक्यात गेले काय किंवा नऊवारीत गेले काय, फरक पडत नाही. वर्गशिक्षकांना भेटावे, आपला नंबर द्यावा, "पोरगं गैरहजर राहिलं तर फोन करा" एवढे सांगावे. शाळेत असताना मास्तरांना भेटायला जाणारे पालक कॉलेज म्हटले की उंबरठ्याबाहेरच थांबतात. त्या उंबरठ्याच्या आत जाण्याचा त्यांनाही तेवढाच हक्क आहे.